पहिल्या रांगेतले आबा

तीस वर्षं केरळात सोनं गाळून आबा ॲसिडच्या धुरानं जळालेली फुप्फुसं घेऊन विट्याला परतले. सांगलीच्या डॉक्टरांनी हात टेकले, पण लेक उत्कर्षा हरली नाही. ती रोज देवळात बायकांना प्राणायाम शिकवायची. तिथं तिनं आबांना पहिल्या रांगेत बसवलं. “मन शांत ठेवा, आबा, श्वास आपोआप लांबेल.” महिनाभर आबा निमूट मान हलवत राहिले. आज तिनं ‘श्वास रोखा’ म्हटलं आणि त्यांना उबळ आली, ओठ निळे पडले. “घाबरू नका, मन शांत...” आबांनी तिचं मनगट धरलं. “मन शांतच हाय गं. हवाच आत शिरंना.” मागं बायका डोळे मिटून, श्वास रोखून तिच्या ‘सोडा’ची वाट बघत होत्या. शेवटी एकेकीनं आपणच तो सोडला. “घरी चला,” म्हणत उत्कर्षानं आबांची चटई गुंडाळली.