फळीशिवाय

कॉलेजच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचे आत्माराम सर एकटेच नवीन बीकर तपासत होते. प्रत्येकात पातळ ॲसिड उकळवायचं, चिमट्याने बीकर उचलून टेबलावरच, बर्नरशेजारच्या ओल्या गार फरशीच्या तुकड्यावर ठेवायचं. तडकलं नाही तर धुऊन खिडकीशी धरायचं, आणि काच धुरकटलेली नसेल तरच पास करायचं. "नमुन्याला चार बघा आणि सोडा हो," असं प्राचार्य म्हणाले होते. "दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक किती फुंकणार?" सरांनी तरी अख्खं खोकं उघडलं होतं. पोळलं होतं ते दुसऱ्याच्या पोरीचं तोंड.

त्या पोरीची आई आता दारात उभी होती. कमळा मासळीची पाटी बाजारात शेजारणीच्या हवाली करून तशीच आली होती. लेक वेदिका तिच्यामागे व्हरांड्यातच थांबली. गेल्या वर्षी याच खोलीत बीकर फुटलं आणि वेदिकाचा डावा डोळा गेला. तेव्हापासून तिने हा उंबरठा ओलांडला नव्हता.

"सर, पोरीचं नाव सायन्समधनं काढा. आर्ट्सला घाला," कमळा म्हणाली.

"तिला विचारलंत का, वैनी?"

"इचारायचं काय त्यात? हितवर आली की पाऊल आत टाकत नाय ती." कमळा आत आली. खोक्यातलं एक बीकर उचलून तिने बोटाच्या पेराने वाजवलं. "आमी साधं मडकं घेतो, तेपण वाजवून घेतो. तुमी ॲसिडाची काच पोरांच्या हातात तशीच दिलीत."

"चुकलं, वैनी. फार चुकलं. म्हणून आता एकेक बघतोय."

कमळाची नजर टेबलावर गेली. सर आणि बर्नर यांच्यामध्ये जाड, पारदर्शक प्लास्टिकची फळी उभी होती.

"आनि ही कसली?"

"फुटलं तर अंगावर येऊ नये म्हणून."

"तुमच्या पुढ्यात फळी हाय. माज्या पोरीच्या पुढ्यात काय होतं?"

सरांनी फळी उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. हे शहाणपणाचं नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण लाज वाटली की शहाणपण कोणाला सुचतं? त्यांनी पुढचं बीकर बर्नरवर चढवलं. ॲसिडाला उकळी आली. सरांनी ते चिमट्याने उचललं आणि फरशीवर टेकवलं.

टक् असा बारीक आवाज झाला. बीकरचा तळ सुटला, काचा जमिनीवर पडल्या आणि उकळतं ॲसिड उसळून सरांच्या मनगटावर आलं. कमळा किंचाळली, पण जागची हलली नाही.

वेदिका आत कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. तिने सरांना कोपराला धरून बेसिनपाशी नेलं, नळ पूर्ण सोडला आणि त्यांचा हात धारेखाली धरला. थोड्या वेळाने सर हात काढून घेऊ लागले.

"नाही सर. अजून धरा."

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. सरांच्या कोपरावरची पकड मात्र सुटत नव्हती.

"आई, गॅस बंद कर. तो पिवळा कॉक आहे ना, आडवा फिरव. आणि बघून चाल, खाली काचा आहेत."

कमळाने आयुष्यात कधी अशा वस्तूला हात लावला नव्हता. तिने कॉक फिरवला. ज्योत विझली. मग ती लेकीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, ते तिने पदराने पुसले.

"अजून किती बीकर हायत, सर?" तिने विचारलं.

उत्तर वेदिकाने दिलं, नळावरची नजर न काढता.

"खोकंभर आहेत, आई. तू जा बाजारात. मला वेळ लागेल."