जागचे हलू नका

"छातीत कॉम्प्युटर बसलाय आता. यम आला तरी त्याला आधी फोन करून यावं लागेल!"

असं म्हणत थोरल्या साडूने कपाटाची एक बाजू उचलली. दुसरी धाकट्या साडूने धरायची होती, पण तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला.

दोघांनाही ठोके चुकायचा आजार. महिन्यापूर्वी एकाच दिवशी दोघांच्या कातडीखाली काडीएवढं नवं यंत्र बसवलं होतं. यंत्र ठोके हॉस्पिटलला कळवायचं आणि तिथला कॉम्प्युटर पुढचा बिघाड तासभर आधीच ओळखायचा. यंत्र चुकत नव्हतं. चुकली होती धाकट्याची बायको. बहिणीशी गप्पा मारत तिने दोघांचे फॉर्म भरले आणि याचा मोबाईल नंबर त्याच्या फॉर्मवर, त्याचा याच्या फॉर्मवर लिहिला. हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं.

"परत हॉस्पिटल." धाकटा पांढराफटक पडला. "आहे तिथे बसा म्हणतात, जागचे हलू नका. ॲम्ब्युलन्स निघालीय."

"आठवड्यात चौथ्यांदा! तीनदा तपासून काय सापडलं? भोपळा! मला बघ, महिन्यात एक फोन नाही." थोरल्याने कपाट एकट्यानेच भिंतीपर्यंत रेटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दादा, केवढा घाम आलाय तुम्हाला."

"कष्टाचा आहे. तुझ्यासारखा भीतीचा नाही."

ॲम्ब्युलन्स आली. तिसरा मजला, लिफ्ट बंद. स्ट्रेचर जिन्यात वळेना आणि धाकटा खुर्चीवरून उठेना. हुकूम म्हणजे हुकूम. शेवटी खुर्चीसकट उचलला. पुढून ॲम्ब्युलन्सवाला, मागून थोरला.

"हळू हो दादा! माझं हृदय!"

"गप रे. शंभर किलोचं धूड, आणि म्हणे हृदय!"

खाली पोचेपर्यंत थोरल्याचा डावा हात बधिर झाला होता. त्याने तो दोनदा झटकला. दोघी बहिणी धाकट्याबरोबर गाडीत चढल्या. दार लागलं, भोंगा वाजला, गाडी गेली.

गाडीत धाकट्याच्या छातीला वायरी लावल्या. ठोके अगदी ठणठणीत. हॉस्पिटलच्या पडद्यावर मात्र त्याच क्षणी रेघ वेडीवाकडी नाचत होती. तेव्हा कुठे तिथल्या नर्सने यंत्राचा क्रमांक आणि फॉर्म शेजारी शेजारी धरून पाहिले. दोघांच्या मोबाईल नंबरांची अदलाबदल झाली होती. तिने घाईघाईने दुसरा नंबर फिरवला.

थोरला पहिल्या मजल्याच्या पायरीवर टेकला होता. दम काही जागेवर येत नव्हता. खिशातला फोन वाजला. बघतो तर अनोळखी नंबर.

"या विमावाल्यांना बरी वेळ सापडते," तो पुटपुटला आणि त्याने तो नंबर ब्लॉक करून टाकला.