जुळलेला आकडा

थेंब पडला आणि फ्लास्कमधलं पिवळं पाणी नारिंगी झालं. फार लवकर झालं. भाचीने तोटी बंद केली आणि आम्लाच्या मापनळीवरचा, ब्युरेटवरचा आकडा वाचला. तेरा. डोळे चोळून पुन्हा वाचला. तेराच.

शेजारच्या टेबलावर मावशीचा कागद पडला होता. त्यावर तिच्या ठसठशीत अक्षरात साडेसोळा लिहिलं होतं.

हिशेब साधा होता. जेवढं आम्ल खर्ची पडलं, त्याला आम्लाच्या तीव्रतेने गुणायचं आणि नमुन्याच्या मापाने भागायचं, की द्रावणात सोडा किती आहे ते कळतं. साडेसोळा म्हणजे सगळं ठीक. तेरा म्हणजे सोडा पाचव्या हिश्शाने कमी. हे द्रावण खालच्या मजल्यावर डायलिसिसच्या यंत्रांत जाणार होतं. मूत्रपिंडं थकलेल्या माणसाच्या रक्तातलं आम्ल या सोड्याने शमतं. तो कमी पडला, तर यंत्राला जोडलेला माणूसही धापा टाकत राहतो. आणि खाली पहिल्याच खुर्चीवर भाचीचे वडील येऊन बसले होते.

रुग्णालयाचा नियम कडक होता. दोघींनी वेगवेगळं मोजायचं. एकीने दुसरीचा आकडा बघायचा नाही. दोन्ही जुळले तरच द्रावण खाली सोडायचं. भाची बघायची, अगदी रोज. मावशीचा हात मुरलेला, आपला कालपरवाचा, तेव्हा चूक आपलीच असणार, असं धरून ती आपला आकडा गुपचूप मावशीच्या आकड्याला नेऊन टेकवायची. आधी फरक चिमूटभर असायचा. अलीकडे तो वाढत चालला होता, तरी टेकवला. भीतीची हीच तर लबाडी. ती भीती म्हणून दारात येतच नाही. आदराचं उपरणं पांघरून येते, आणि माणसाला वाटतं, आपण किती नम्र!

पण आजचा फरक टेकवण्याएवढा नव्हता. तिने दुसरा नमुना घेतला.

“पुन्हा कशाला गं?” मावशी म्हणाली. “किती बघशील त्या फ्लास्ककडे, दृष्ट लागेल त्याला!”

भाची हसली नाही. थेंब थेंब आम्ल पडत होतं. ‘देवा, पिवळंच राहू दे,’ ती मनात म्हणत होती. ‘अजून थोडा वेळ पिवळं राहू दे.’ माणूस देवाजवळ काय काय मागतो! ती रंग मागत होती. तेराच्या खुणेवर पाणी पुन्हा नारिंगी झालं.

तेवढ्यात खालून फोन आला. मावशीने कामात असल्यामुळे तो स्पीकरवरच घेतला.

“मॅडम, सोडताय ना?” तंत्रज्ञ विचारत होता. “सगळ्या खुर्च्या भरल्यात. तुमचे मेहुणे तर माझ्यावर डाफरताहेत. म्हणतात, मेहुणीला सांगा, घरी जेवायला वाट बघायला लावते तेवढी पुरे!”

“त्यांना म्हणावं, गप्प बसा,” मावशी हसली. “पोरीचा आकडा येऊ दे, लगेच सोडते.”

भाचीने पेन उचललं. एक लिहिला. पुढे तीन लिहायचा की सहा? एवढाच काय तो प्रश्न उरला होता. ही नोकरी मावशीने लावून दिली होती. तिच्या हाताखाली शिकलेली माणसं आज इतर रुग्णालयांत मोठ्या जागांवर होती. तिच्या आकड्यावर बोट ठेवायचं? तेही आपण? भाचीला बाबांची आठवण झाली. हल्ली ते जिन्यात मधेच थांबायचे, कठडा धरायचे आणि म्हणायचे, “वय झालं गं आता.” तिने पेन खाली ठेवलं.

“मावशी,” ती म्हणाली, “माझा तेरा येतोय. दोन्ही वेळा.”

मग मावशी फोनकडे वाकली. “सोडू नका. मी सांगेपर्यंत कोणालाही जोडू नका. मी नवीन करून पाठवते.” तिने फोन बंद केला. आता वीज कोसळणार म्हणून भाचीने मान खाली घातली.

मावशी मात्र स्टुलावर बसली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

“मला तो रंग दिसत नाही गं,” ती हळूच म्हणाली. “मोतीबिंदू. पिवळं काय नि नारिंगी काय, सगळं सारखंच. रोजच्या खुणेपाशी आलं की मी तोटी बंद करते. ऑपरेशनपर्यंत कसंबसं निभावू म्हटलं. कळलं तर हे टेबल सुटेल, म्हणून घाबरले.”

भाचीने मान वर केली. तिने मावशीकडे पाहिलं. मावशीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओझं उतरलेल्या माणसाचा निवांतपणा होता. तिने भाचीला जवळ ओढलं आणि लहानपणी थोपटायची तशी तिची पाठ थोपटली.

“घाबरू नको, वेडे. आजवर एक थेंबही चुकीचा खाली गेलेला नाही. रोज तुझा आकडा माझ्याशी जुळायचा, म्हणून तर मी निर्धास्त होते.”