डावा खांदा

मास्तरांच्या छातीत डावीकडे बारा वर्षं असलेल्या पेसमेकरच्या जागी पू झाला. यंत्र आणि तारा, सगळंच काढावं लागणार होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं, की छाती फाडायची नाही. जुन्याच चिरेतून तारेवरून बारीक नळी सरकवायची आणि शिरेला चिकटलेली तार हळूहळू सोडवायची. तरी धोका होताच.

मास्तरांनी एकच विचारलं, "नवीन कुठे बसवणार?"

"उजवीकडे. डावी बाजू आता मोकळी."

मास्तरांनी पुढचं काही न ऐकता सही ठोकली.

"बाबा, इथे जिवाशी गाठ आहे आणि तुम्हाला बाजूचं पडलंय!" लेक करवादली.

ऑपरेशन नीट पार पडून घरी आल्यावर दुपारी ती गोळ्या घेऊन खोलीत गेली, तर मास्तर पलंगाच्या उजव्या कडेला अंग चोरून उताणे पडलेले. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून त्या बाजूची चादरसुद्धा त्यांनी कुणाला चुरगळू दिली नव्हती.

"बाबा, ही तर आईची जागा!"

"तिची जागा ही नव्हेच. लग्न झाल्यापासून ती माझ्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवून झोपायची. यंत्र बसलं, तशी धक्का लागेल म्हणून इकडे आली. म्हणायची, ते निघू दे, लगेच येते परत."

मास्तरांनी टाके सांभाळत डावा हात रिकाम्या बाजूला लांब पसरला.

"आता म्हणावं, सबब चालणार नाही."