कोरडा ब्रश

सकाळी साडेनऊला वहिनींनी ब्लीचच्या सगळ्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या आणि कामवाल्या मावशींच्या हातात व्हिनेगर ठेवलं. समुद्राच्या दमट हवेने बाथरूमच्या भिंतींवर दर आठवड्याला काळी बुरशी चढायची.

"आजपासून ह्यानेच घासायचं, मावशी. ब्लीच म्हणजे विष."

"सात वर्षं त्यानेच घासतेय की मी. आज बरं कळलं?"

"कुत्रा दोन दिवस खोकतोय. त्याचे डॉक्टर म्हणाले, ब्लीचच्या वाफेनेच."

मावशींच्या घशाशी आलेला खोकला आज त्यांनी गिळला नाही.

"मी खोकले की तो भुंकायचा. तेव्हा तुम्ही बाहेरून दार ओढून घ्यायचात, वहिनी."

 साडेदहा वाजले तरी मावशींच्या हातातला ब्रश कोरडाच होता.