खोटी कळ

"कण्हायचं, पण बेताने," संचालकसाहेब म्हणाले. "लोकांना खरं वाटलं पाहिजे. आपण बघतोय हे कोणाला कळता कामा नये."

रुग्णालय व्यवस्थापन शिकणारी डझनभर मुलं त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभी होती. पुस्तकातलं पुरे, आता जाणत्या माणसांकडून प्रत्यक्ष शिका, म्हणून प्राध्यापकांनी त्यांना या मोठ्या रुग्णालयात आणलं होतं. एकाने रुग्ण व्हायचं आणि बाकीच्यांनी घड्याळ लावून बघायचं, दारातून डॉक्टरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो. रुग्ण कोण, हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी लवंगीला पुढे ढकललं. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून तिचं नाव लवंगी. कॉलेजच्या नाटकातली बक्षिसंही दरवर्षी तिचीच. शिवाय साहेब या मुलांमधल्या एकाला सहा महिने आपल्या हाताखाली घेणार होते. ती जागा सगळ्यांनाच हवी होती, लवंगीला जरा जास्तच.

तिने गळ्यातलं ओळखपत्र पिशवीत टाकलं आणि पोट धरूनच तपासणीच्या हॉलमध्ये शिरली. एका खुर्चीवर अंगाचं मुटकुळं करून कण्हायला लागली. कण्हत होती मात्र सुरेख. समोरच्या भिंतीला टेकलेली मित्रमंडळी मोबाइलमध्ये डोकं घालून हसू दाबत होती.

शेजारी एक काका होते. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंडाने श्वास घेत बसलेले. त्यांच्या पलीकडे काकू. काकूंनी आधी वाकून पाहिलं, मग उठून जवळ आल्या.

"एकटीच आलीस का गं? बरोबर कोणी नाही?"

लवंगीने मान हलवली. असं कोणी विचारेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नंबर तरी घेतलास का?"

नंबर घ्यायचा राहूनच गेला होता. दोन वर्षं व्यवस्थापन शिकून बाईसाहेब नाटकाच्या भरात मशीनवरचा कागद घ्यायला विसरल्या होत्या. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. तेवढ्यात समोरच्या पडद्यावर काकांचा नंबर लागला.

"चला, उठा. आला एकदाचा," काकू म्हणाल्या.

काकांनी लवंगीकडे पाहिलं. बोलायच्या आधी त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. "आधी हिला जाऊ दे."

"अहो, सकाळपासून बसलोय आपण."

"मग आणखी थोडं बसू. पोर कळवळतेय, दिसत नाही का तुला?"

काकूंनी कागद मुठीत घट्ट धरला. मग काय वाटलं कोण जाणे, तो लवंगीच्या हातात कोंबला. लवंगीने समोर पाहिलं. तिच्या वर्गमित्राने अंगठा वर केला. त्याच्या मागे उभे असलेले संचालकसाहेब कौतुकाने मान डोलावत होते. ती उठली आणि काकांच्या नंबरावर आत गेली.

डॉक्टर तिचं पोट दाबून पाहत होते, तोच मागच्या दाराने साहेब आले. "राहू द्या, ही आमचीच." डॉक्टरांनी हातमोजे काढून टोपलीत टाकले आणि पुढच्या नंबराचं बटण दाबलं.

बैठकीच्या खोलीत चहा तयार होता. लवंगी आली तशी टाळ्या पडल्या. दहा मिनिटांच्या आत डॉक्टर! साहेबांनी फळ्यावर वेळ लिहून त्याभोवती गोल काढला.

"सर, ही वेळ माझी नाही," लवंगी म्हणाली. "मी त्या काकांच्या नंबरावर गेले. ते बाहेरच आहेत अजून."

"छान निरीक्षण आहे. अहवालात घाल."

सगळ्यांनी वह्या उघडून ते लिहून घेतलं.

"पण सर, त्यांना बोलावता नाही का येणार? त्यांना धाप लागलीय."

"नंबर गेला की नवा घ्यायचा, तसा नियमच आहे," साहेब समजुतीने म्हणाले. "मधेच एकाला घुसवलं की बाकीचे काय म्हणतील? पण तुझी नजर चांगली आहे हं. मला अशीच माणसं हवीत."

शेजारच्या मैत्रिणीने तिला कोपराने ढोसलं. जागा मिळाली, असा त्याचा अर्थ. एरवी कोणाचं न ऐकणारी लवंगी खाली बसली. समोर आलेला चहा तिने घेतलासुद्धा.

निघताना पुन्हा त्याच हॉलमधून जायचं होतं. ओळखपत्र सगळ्यांनी गळ्यात घातलं होतं, तिनेही. काका तिथेच होते. हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. काकूंच्या हातात नवा कागद होता.

"अगं बाई, चालायला लागलीस की!" काकूंचा चेहरा फुलला. त्या काकांकडे वळल्या. "बघा हो, मघाशी कशी कळवळत होती, आणि आता आपल्या पायांनी चाललीय! म्हटलं नव्हतं, इथे गुण येतो म्हणून? आता तुम्हीही बरे होणार."

काकांना बोलवेना. ते तिच्याकडे बघून हसले आणि तिला बसता यावं म्हणून शेजारच्या खुर्चीवरची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली.

सांगून टाकावं, पाय धरावेत, असं लवंगीच्या मनात आलं. तोंडही उघडलं तिने. पण काकूंच्या त्या चेहऱ्यासमोर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका मुठीत तिने गळ्यातलं ओळखपत्र झाकलं. दुसरा हात आपोआप पोटावर गेला.

"अजून दुखतंय थोडं," ती म्हणाली आणि वाकून, एकेक पाऊल टाकत दाराकडे निघाली.

"जपून जा गं," मागून काकूंचा आवाज आला.

वर्गमित्राने तिला दारात गाठलं. "अगं, संपलं नाटक," तो कुजबुजला. "सरळ चाल ना आता."

लवंगीला सरळ होता येईना.