मूळचा आकार

"नझीर, स्क्रू तेवढा बसवून दे," मंदाकाकू म्हणाल्या. यजमान जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्यांच्या जपून ठेवलेल्या चष्म्याचा स्क्रू आज निखळला होता.

चष्मेवाल्या नझीरने स्क्रू बसवला. "डावी काडी फाकलीय की," म्हणत त्याने फ्रेम गरम पाण्यात बुडवली. काडी आपसूक सरळ झाली. "या धातूला मूळचा आकार आठवतो, काकू. बघा, नव्यासारखा."

काकूंनी सरळ झालेल्या काडीवरून बोट फिरवलं. एका हाताने ओढून चष्मा काढायची यजमानांची खोड; तिनेच ही काडी फाकली होती. त्यावरून त्या जन्मभर कुरकुरल्या होत्या.

"परत फाकव."

नझीर गोंधळला. तरी त्याने काडी जराशी बाहेर वाकवली. "एवढी?"

काकूंनी डोळे मिटले. यजमानांचा चेहरा समोर आला. काडी किती फाकलेली असायची, ते मात्र काही केल्या आठवेना.